खडूची खूण

इंजिनिअरिंगला चार्ल्स स्टाइनमेट्झ यांची एक गोष्ट हमखास कानावर पडते. बंद पडलेलं भलंमोठं यंत्र, त्यावर त्यांनी मारलेली खडूची खूण आणि नेमका तिथेच सापडलेला बिघाड. बिल : खुणेचा १ डॉलर, ती कुठे मारायची या ज्ञानाचे ९,९९९! ही झाली दंतकथा. खरा माणूस तिच्याहून मोठा होता.

जन्म १८६५, ब्रेस्लाऊ (आता पोलंडमध्ये). पाठीला जन्मापासून बाक, उंची जेमतेम चार फूट. समाजवादी विचारांमुळे पोलीस मागे लागले आणि शिक्षण अर्धवट टाकून देश सोडावा लागला. १८८९ मध्ये अमेरिकेच्या बंदरातून त्यांना परतच पाठवणार होते. सोबतच्या मित्राने हमी घेतली, म्हणून प्रवेश मिळाला.

त्या काळी मोटर फार तापते, हे ती बनवून चालवल्यावरच कळे. चुंबकत्व सतत उलटसुलट होताना लोखंडात किती ऊर्जा वाया जाते, याचं सूत्र त्यांनी १८९२ मध्ये मांडलं. एसीची किचकट गणितंही सोपी केली. जनरल इलेक्ट्रिकमधली नोकरी सांभाळून युनियन कॉलेजात शिकवलं.

व्यंग पुढच्या पिढीत उतरू नये म्हणून लग्न केलं नाही. सहायक जोसेफ हेडन यांना दत्तक घेतलं आणि घर नातवंडांनी भरलं. १९२३ मध्ये ते गेले.

खडूची खूण एकट्यालाच जमते. सूत्र मात्र फळ्यावर लिहिता येतं. मग मोटर का तापली, हे मागच्या बाकावरची मुलगीसुद्धा शोधू शकते.