झाशी ते टेम्स : एमी जॉन्सन हिची उड्डाणगाथा

पांढुर्ण्याहून उत्तरेकडे निघालेली रेल्वेगाडी आमला, इटारसी, भोपाळ ही स्थानके ओलांडून झाशीला पोहोचते. राणी लक्ष्मीबाईंच्या स्मृतीने मराठी माणसाला आपले वाटणाऱ्या या गावात मे १९३० मध्ये एक विलक्षण पाहुणी आभाळातून उतरली. इंधन संपत आल्याने तिने लष्करी छावणीच्या कवायतीच्या मैदानावरच आपले छोटे विमान उतरविले. त्यात विमानाच्या पंखाला इजा झाली. गावच्या सुताराने तो पंख दुरुस्त करून दिला आणि दुसऱ्या दिवशी ती पुढच्या प्रवासाला निघाली. ही पाहुणी म्हणजे एमी जॉन्सन. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी जगातील पहिली स्त्री.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरी झाला. वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कार्यालयात नोकरी करू लागली. विमानविद्येचा छंद तिला तेथेच जडला. १९२९ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना मिळविला. विमानाच्या देखभाल-दुरुस्तीचे अभियंतापदाचे प्रमाणपत्र मिळविणारीही ती ब्रिटनमधील पहिली स्त्री ठरली. यंत्र चालविणाऱ्याला यंत्राचे अंतरंगही कळले पाहिजे, ही तिची धारणा होती आणि लांबच्या प्रवासात हेच ज्ञान तिच्या कामी आले.

वडील आणि लॉर्ड वेकफील्ड यांच्या साहाय्याने तिने एक जुने जिप्सी मॉथ विमान विकत घेतले आणि वडिलांच्या व्यापारचिन्हावरून त्याचे नाव 'जेसन' ठेवले. ५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून ती निघाली, तेव्हा लंडन ते हल यापेक्षा लांबचे उड्डाण तिने कधी केलेले नव्हते. कराची, झाशी, अलाहाबाद, कलकत्ता असा भारत ओलांडून ती रंगूनच्या दिशेने गेली. तेथे विमान पुन्हा एकदा मोडले आणि पुन्हा दुरुस्त झाले. अखेर २४ मे रोजी, सुमारे अकरा हजार मैलांचे अंतर कापून, ती ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे उतरली. एका सामान्य घरातील मुलगी रातोरात जगभर प्रसिद्ध झाली.

पुढे १९३२ मध्ये तिने जिम मॉलिसन या वैमानिकाशी विवाह केला. ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न ही विमानांची शर्यत झाली. त्यात हे दांपत्य एका दिवसाच्या आत कराचीला पोहोचले. परंतु तेथून अलाहाबादकडे जाताना वाट चुकून त्यांना आपल्या जबलपूरला उतरावे लागले. विमानाचे योग्य इंधन तेथे नव्हते. मोटार-बस कंपनीकडून मिळालेल्या साध्या पेट्रोलवर त्यांनी पुन्हा उड्डाण केले. ते इंधन इंजिनाला सोसले नाही, आणि अलाहाबाद येथे शर्यतीतील त्यांचा सहभाग संपला. १९३८ मध्ये त्यांचा संसारही मोडला.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. कारखान्यांत तयार झालेली आणि दुरुस्त झालेली लढाऊ विमाने हवाई दलाच्या तळांवर पोहोचविण्यासाठी ब्रिटनमध्ये हवाई वाहतूक साहाय्यक दलाची स्थापना झाली. प्रारंभी स्त्रियांना त्यात स्थान नव्हते. पॉलीन गॉवर यांच्या प्रयत्नांनी जानेवारी १९४० मध्ये आठ स्त्रियांची पहिली तुकडी उभी राहिली. त्याच वर्षी एमीही दलात दाखल झाली. जगप्रसिद्ध असूनही तिने इतर वैमानिकांप्रमाणेच सामान्य काम पत्करले. हे काम कमी जोखमीचे नव्हते. विमानात बिनतारी यंत्रणा नसे, शस्त्रे नसत. खाली दिसणारे रस्ते, नद्या, लोहमार्ग हीच वाटाड्याची साधने. ढग दाटले की तीही हरपत.

५ जानेवारी १९४१ रोजी ऑक्सफर्ड जातीचे विमान घेऊन ती ब्लॅकपूलहून किडलिंग्टनकडे निघाली. हवामान अत्यंत खराब होते. नियोजित मार्गापासून दूर भरकटलेले विमान टेम्स नदीच्या मुखाशी गोठणाऱ्या पाण्यात कोसळले. ती हवाई छत्रीने खाली उतरली होती. हेझलमिअर या नौकेवरील खलाशांनी तिला पाहिले. नौकेचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनी पाण्यात उडी घेतली. पण तिला वाचविता आले नाही आणि फ्लेचर यांनाही प्राणास मुकावे लागले. एमीचा मृतदेह कधीच सापडला नाही. ती तेव्हा सदतीस वर्षांची होती. हा अपघात कसा घडला, याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही.

तिच्यामागून दीडशेहून अधिक स्त्रियांनी या दलात विमाने चालविली. १९४३ मध्ये त्यांना पुरुष सहकाऱ्यांइतके वेतन मिळू लागले. युद्धकाळातील ब्रिटनमध्ये ही असाधारण गोष्ट होती. ते पाहण्यास एमी मात्र हयात नव्हती.

आपल्या देशात भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानांची दारे स्त्रियांसाठी २०१६ मध्ये उघडली आणि त्या पहिल्या तिघींमध्ये मध्य प्रदेशच्या रीवा येथील अवनी चतुर्वेदी होत्या. ज्या राज्याच्या भूमीवर एमीला एकदा नाइलाजाने उतरावे लागले, त्याच राज्याची कन्या पुढे लढाऊ विमान घेऊन आभाळात झेपावली. आपल्या मुली आता वैमानिक होण्याचे स्वप्न सांगतात, तेव्हा त्यांना एमीची कथा अवश्य सांगावी. तिचे विक्रमही सांगावेत आणि ज्या कामात तिने प्राण वेचले, ते प्रसिद्धीवाचूनचे कामही सांगावे.