जॉर्ज हर्स्ट

जॉर्ज हर्स्ट (इ.स. १९२७ – इ.स. १९८६) हे अमेरिकन यंत्रकार, संशोधक आणि उद्योजक होते. मोटारीचा गिअर बदलण्याच्या दांड्याला, म्हणजेच शिफ्टरला, त्यांनी दिलेले सुधारित रूप अमेरिकेत ‘हर्स्ट शिफ्टर’ या नावाने ओळखले जाते. अपघातग्रस्त वाहनात अडकलेल्या माणसांना बाहेर काढणारे ‘जॉज ऑफ लाइफ’ हे हायड्रॉलिक साधनही त्यांच्याच कल्पनेतून जन्मले. मोटारीत बाहेरचा सुटा भाग बसवला तर तिच्या हमीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यांच्या व्यवसायाच्या मुळाशी सतत राहिला.

आरंभीचे जीवन

हर्स्ट यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातला. किशोरवयातच ते अमेरिकी नौदलात दाखल झाले. इ.स. १९५०च्या दशकाच्या मध्यास नौदल सोडल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया शहराच्या परिसरात मोटारदुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. जे ज्ञान होते ते हातांना काळे लावून मिळवलेले होते.

तो काळ अमेरिकेत जुन्या मोटारींना नवी, अधिक ताकदीची इंजिने बसवण्याचा होता. इ.स. १९५५ मध्ये आलेल्या शेवरोलेच्या आठ सिलिंडरांच्या आटोपशीर इंजिनाने या छंदाला जोर आला. एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या सांगाड्यात बसवायचे तर त्याला आधार देणारे माउंट हवेत. हर्स्ट यांनी असे माउंट बनवून विकायला सुरुवात केली. पुढे बिल कॅम्पबेल यांच्या भागीदारीत ‘हर्स्ट-कॅम्पबेल’ ही कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना पेनसिल्व्हेनियातील वॉर्मिन्स्टर येथे होता.

शिफ्टरची रचना

त्या वेळच्या बहुतेक अमेरिकन मोटारींत तीन गिअर असत आणि दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे. दांड्याची हालचाल लांबलचक सळया आणि अनेक सांधे यांमधून गिअरबॉक्सपर्यंत पोहोचे. सांधे झिजले की दांडा ढिला पडे. पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत चालक घाईने गिअर बदलू लागला, की सळया एकमेकींत अडकून बसत आणि शर्यत तिथेच संपे. म्हणून शर्यतीचे शौकीन दांडा खांबावरून काढून जमिनीवर आणत. परंतु बाजारात मिळणारी तशी जोडणी बहुधा तकलादू असे.

हर्स्ट यांनी जमिनीवरचा शिफ्टर जाड पोलादाचा केला, सळया आखूड आणि सरळ ठेवल्या, सांधे घट्ट केले. त्यांच्या रचनेतले सर्वांत शहाणपणाचे अंग मात्र सहसा डोळ्यांना दिसत नाही. दांडा जोराने ओढला असता ते बळ थेट गिअरबॉक्समध्ये जाते आणि आतले सिलेक्टर फोर्क वाकतात. हर्स्ट यांनी शिफ्टरमध्येच दोन्ही बाजूंना थांबे ठेवले, आणि ते बोल्ट फिरवून मागेपुढे करता येतील अशी सोय केली. गिअर पूर्ण पडला की दांडा थांब्याला टेकतो; पुढचा सारा जोर थांबा सोसतो, गिअरबॉक्स नव्हे. शिफ्टर बसवणाऱ्याने हे बोल्ट नीट जुळवले नाहीत, तर उत्तम शिफ्टरही गिअरबॉक्सचा शत्रू ठरतो. बसवणीतले हे एवढेसे काम आजही आळसापोटी टाळले जाते.

आज ‘शॉर्ट शिफ्टर’ म्हणतात त्याचे तत्त्व शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तरफेचे आहे. टेकू वर सरकवला, किंवा दांड्याचा टेकूवरचा भाग आखूड केला, की हाताला कमी अंतर जावे लागते. मात्र तेवढेच काम करायला बळ अधिक लागते. गिअर झटपट पडतो, पण दोन चाकांची गती जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरला त्याचे काम करायला वेळही कमी मिळतो. शिफ्टरची भलावण करताना ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

हमीचा प्रश्न

मोटार नवी असताना तिचा दांडा काढून परक्या कंपनीचा दांडा बसवायला ग्राहक कचरत असे. पुढे गिअरबॉक्स बिघडला तर उत्पादक बोट दाखवणार त्या नव्या दांड्याकडे, आणि दांडा विकणारा बोट दाखवणार गिअरबॉक्सकडे. हर्स्ट यांनी यावर दोन मार्गांनी काम केले.

पहिला मार्ग म्हणजे आपल्या शिफ्टरला आजीवन हमी. शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या भागाला अशी हमी देणे व्यापारी दृष्टीने धाडसाचे होते, कारण असा भाग मोडावा अशाच रीतीने वापरला जातो. हमी कागदावर राहू नये म्हणून कंपनीची दुरुस्तीची गाडी मोठ्या ड्रॅग शर्यतींना हजर राहू लागली. जॅक वॉटसन हे ‘शिफ्टी डॉक’ या टोपणनावाने तेथे स्पर्धकांची यंत्रे नीट करून देत. स्पर्धकांमध्ये कंपनीची पत वाढली ती जाहिरातींपेक्षा या मदतीमुळे, असे मानायला जागा आहे. जाहिरातीतही हर्स्ट मागे नव्हते. मागच्या भागात इंजिन असलेली, पुढची चाके हवेत उचलून धावणारी ‘हेमी अंडर ग्लास’ ही बॅराकुडा, दोन इंजिनांची ‘हेअरी ओल्ड्स’ आणि ‘मिस हर्स्ट गोल्डन शिफ्टर’ म्हणून मिरवणाऱ्या लिंडा व्हॉन यांनी मैदाने गाजवली.

दुसरा मार्ग अधिक दूरगामी ठरला: शिफ्टर कारखान्यातच बसून यावा. इ.स. १९६४ मध्ये जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक विभागाने जीटीओ ही मोटार आणली आणि तिच्या हाताने बदलायच्या गिअरांसाठी हर्स्टचा शिफ्टर घेतला. त्यामागे पाँटिअॅकचे अभियंते जॉन डेलोरिअन आणि जाहिरातक्षेत्रातले जिम वँगर्स यांचा आग्रह होता. पुढे दांड्यावर हर्स्ट हे नाव उमटवण्यासही परवानगी मिळाली. आपल्या मोटारीत दुसऱ्याचे नाव झळकू न देणाऱ्या त्या उद्योगात ही साधी गोष्ट नव्हती. कालपर्यंत ज्या भागामुळे हमी जाईल अशी धास्ती होती, तोच भाग आता विक्रेत्याच्या दालनातून हमीसह मिळू लागला. स्वयंचलित गिअरबॉक्ससाठीचा ‘ड्युअल गेट’ शिफ्टर इ.स. १९६७च्या जीटीओमध्ये आला. त्यात एक वाट नेहमीच्या चालवण्याची आणि दुसरी वाट स्वतः गिअर बदलण्याची होती.

याच कंपनीच्या कामाची उलट बाजूही आहे. इ.स. १९६८ मध्ये क्रायस्लरसाठी हर्स्टने डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा या लहान मोटारींत ४२६ घनइंचांचे हेमी इंजिन बसवून दिले. या मोटारी केवळ शर्यतीसाठी होत्या. त्या रंग न देता नुसत्या प्रायमरवर ग्राहकाच्या हाती पडत, आणि मोटार रस्त्यावर वापरण्यासाठी नसून तिला कोणतीही हमी नाही, अशी सूचना मोटारीवरच लावलेली असे. दांड्याला जन्मभराची हमी आणि अख्ख्या मोटारीला शून्य हमी, या दोन्ही गोष्टी एकाच उद्योगाच्या हिशेबात शेजारी शेजारी होत्या. दोन्हींत फसवणूक नव्हती. काय सोसेल आणि काय सोसणार नाही हे आधीच सांगितलेले होते.

त्याच वर्षी ‘हर्स्ट/ओल्ड्स’ ही मोटार निघाली. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या मोटारींत ४०० घनइंचांहून मोठे इंजिन बसवण्यास मनाई केली होती. ४५५ घनइंचांचे इंजिन असलेली ही मोटार हर्स्टच्या नावाने निघाल्याने त्या नियमाला वळसा मिळाला. पहिल्या वर्षी अशा ५१५ मोटारी बनल्या. इ.स. १९६९ मध्ये अमेरिकन मोटर्सबरोबर बनवलेल्या एससी/रॅम्बलरची संख्या १,५१२ भरली.

जॉज ऑफ लाइफ

शर्यतीच्या मैदानावर चेपलेल्या मोटारीतून चालकाला बाहेर काढायला फार वेळ लागतो, हे हर्स्ट यांनी पाहिले होते. पहारी आणि करवती यांनी पत्रा कापताना ठिणग्या उडत, सांडलेले पेट्रोल पेटण्याची भीती असे आणि जखमी माणसाला हादरे बसत. हर्स्ट यांनी तेलाच्या दाबावर चालणारे दोन जबडे योजले, जे फटीत घालून पत्रा सावकाश फाकवतात. इ.स. १९७०च्या दशकाच्या आरंभी हे साधन अग्निशमन दलांपर्यंत पोहोचले. पुढे इतर कंपन्यांच्या तशा साधनांनाही लोक याच नावाने ओळखू लागले.

अखेरची वर्षे आणि वारसा

इ.स. १९७० मध्ये सनबीम कॉर्पोरेशनने हर्स्टची कंपनी विकत घेतली. स्वतःच्या नावाच्या कंपनीत हर्स्ट यांचे स्थान त्यानंतर फार काळ उरले नाही. इ.स. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील रेडलँड्स येथे त्यांचे निधन झाले.

कंपनी हर्स्ट यांच्या हातून गेल्यावर पाच वर्षांनी, इ.स. १९७५ मध्ये, अमेरिकेत मॅग्नसन-मॉस हमी कायदा झाला. विशिष्ट कंपनीचाच भाग वापरला पाहिजे अशी अट घालून हमी देण्यास हा कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो. असा भाग उत्पादक फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे केवळ शॉर्ट शिफ्टर बसवला म्हणून मोटारीची सगळी हमी रद्द होत नाही. मात्र त्या शिफ्टरमुळे किंवा त्याच्या चुकीच्या बसवणीमुळे सिलेक्टर फोर्क वाकले वा सिंक्रोनायझर झिजले, तर तेवढी दुरुस्ती नाकारण्याचा उत्पादकाचा हक्क कायम राहतो. मोटारीच्या वातानुकूलन यंत्राचा त्या दांड्याशी संबंध नाही, गिअरबॉक्सचा आहे. वाद होतात ते गिअरबॉक्सपाशीच.

हर्स्ट हे नाव पुढे अनेक मालकांच्या हातांतून गेले. इ.स. २००७च्या फोर्ड शेल्बी जीटी या मोटारीत हर्स्टचा आखूड फेकीचा शिफ्टर होता. जॉज ऑफ लाइफ हे साधन आता आयडेक्स कॉर्पोरेशनच्या मालकीचे असून त्यावरही हर्स्ट हेच नाव असते.