आकड्यांचा सावध अभ्यासक : प्रशांतचंद्र महालनोबिस



29 जून हा दिवस 2007 पासून आपल्या देशात सांख्यिकी दिवस म्हणून साजरा होतो. 1893 साली याच तारखेला प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कोलकात्यात जन्म झाला. ते केम्ब्रिजला भौतिकशास्त्र शिकले. 1915 साली परतताना संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकाचे खंड त्यांनी सोबत आणले आणि पुढे त्याच विषयाला वाहून घेतले.

1926 साली ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र वर आले आहे, तेव्हा बंधारे उंच करावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. महालनोबिस यांनी सुमारे 60 वर्षांच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आल्याचे त्यांत दिसले नाही. एका वर्षाचा पूर भयंकर असला, तरी तेवढ्यावरून नदी बदलली असे ठरत नाही, हे त्यांनी दाखवले.

1937 पासून त्यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाची पाहणी केली. सगळी शेते मोजणे अशक्य, म्हणून नमुन्याची शेते निवडली. एकाच भागात वेगवेगळे नमुने घेऊन त्यांची स्वतंत्र मोजणी करवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. आकडे जवळपास आले तर भरवसा वाढतो. फार दूर गेले तर थांबून विचार करावा लागतो. अंदाजासोबत तो किती चुकू शकतो, हेही सांगितले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

आम्हांला हे आठवते ते परीक्षेच्या निकालाच्या वेळी. 20 मुलांच्या वर्गात गेल्या वर्षी 18 उत्तीर्ण झाली आणि यंदा 17, तर निकाल 90 वरून 85 टक्क्यांवर येतो. लगेच शाळेचा दर्जा घसरल्याची चर्चा सुरू होते. पण फरक एकाच मुलाचा आहे. त्या मुलाकडे लक्ष द्यायलाच हवे. दर्जाविषयी मात्र पाच-सात वर्षांचे निकाल पाहूनच बोलावे. निकाल वाढला, तरी हाच नियम लावावा.

1931 साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापणारे महालनोबिस 28 जून 1972 रोजी निवर्तले. येत्या 29 जूनला मुलांनी दोन गट करावेत, प्रत्येक गटाने कोणत्याही दहा विद्यार्थ्यांची सरासरी उंची काढावी आणि दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत, अशी आमची सूचना आहे.