अली यावर जंग

नवाब अली यावर जंग (फेब्रुवारी १९०६ – ११ डिसेंबर १९७६) हे भारतीय शिक्षणतज्ज्ञ, मुत्सद्दी आणि महाराष्ट्राचे राज्यपाल होते. वांद्रे, मुंबई येथील राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जीवन

त्यांचा जन्म हैदराबाद येथे झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर ते उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक व पुढे कुलगुरू झाले. १९४७ मध्ये भारत सरकारशी वाटाघाटी करणाऱ्या निजामाच्या शिष्टमंडळात त्यांचा समावेश होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इत्तेहादुल मुसलमीनने तडजोडीला उघड विरोध केल्यावर हे शिष्टमंडळ पायउतार झाले.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी अर्जेंटिना, इजिप्त, युगोस्लाव्हिया, फ्रान्स व अमेरिका येथे भारताचे राजदूत म्हणून काम केले. १९६५ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. प्रवेशाच्या नियमांतील बदलावरून विद्यार्थ्यांनी केलेल्या हल्ल्यात ते गंभीर जखमी झाले. तरीही १९६८ पर्यंत ते त्या पदावर राहिले.

१९७१ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. १९७२ चा भीषण दुष्काळ त्यांच्याच कार्यकाळात पडला. पदावर असतानाच मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांना पद्मभूषण (१९५९) व पद्मविभूषण (१९७७, मरणोत्तर) हे सन्मान मिळाले.

स्मारक संस्था

त्यांच्या नावाची संस्था १९८३ मध्ये वांद्रे रेक्लमेशन येथे सुरू झाली. श्रवणदोषाचे निदान, वाचा-उपचार आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ही तिची मुख्य कामे आहेत. केंद्र शासनाच्या ॲडिप योजनेतून गरजू कुटुंबांतील मुलांना मिळणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी ही समन्वयक संस्था आहे.

साधे श्रवणयंत्र आवाज केवळ मोठा करते. अंतर्कर्णातील केशपेशी निकामी झाल्या असतील, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये कानामागील यंत्र ध्वनीचे संकेतांत रूपांतर करते. त्वचेखालील ग्राहक ते संकेत स्वीकारतो आणि कर्णावर्तात बसवलेले विद्युदग्र श्रवणचेतेला थेट उद्दीपित करतात. असे ऐकू येणे नैसर्गिक श्रवणासारखे नसते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ श्रवण व वाचा प्रशिक्षण घ्यावे लागते. भाषा शिकण्याचे वय लहानपणीच सरत असल्याने जन्मतः बहिऱ्या बालकांमध्ये निदान जितके लवकर होईल तितका लाभ अधिक होतो.