सर जॉन चार्नली

कापसाने भरलेली बैलगाडी तुम्ही पाहिली असेल. आसाला वंगण नसले की चाक करकर वाजते आणि झिजत जाते. आपल्या खुब्याच्या सांध्याचेही असेच आहे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. दोन्हींवरील गुळगुळीत कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते. मग माणसाला जिना चढणे, उठणे-बसणेही असह्य होते. अशा रुग्णांना पुन्हा चालते करणाऱ्या डॉक्टरचे नाव जॉन चार्नली.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील बरी या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते, तर आई परिचारिका होती. मँचेस्टरला शिकून ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. तेथे कारखान्यात बसून ते मोडलेल्या हाडांसाठी उपकरणे तयार करीत.

पुढे त्यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याच्या खुब्यात प्लॅस्टिकचा गोळा बसवलेला होता. तो हलला की सांधा वाजे. घरची माणसे त्या आवाजाने त्रासून गेली होती. चार्नली विचार करू लागले. आवाज म्हणजे घर्षण, आणि घर्षणानेच सांधा सैल होतो. त्यांनी धातूचा लहान गोळा आणि टेफ्लॉन या निसरड्या प्लॅस्टिकची वाटी तयार केली. दातांच्या डॉक्टरांकडील सिमेंटसारखा पदार्थ वापरून ते भाग हाडात पक्के बसवले. रुग्ण आनंदाने चालू लागले.

पण दोन-तीन वर्षांतच टेफ्लॉन झिजले. त्याच्या कणांमुळे सूज आली आणि भोवतालचे हाड खाल्ले जाऊ लागले. असे सुमारे ३०० रुग्ण होते. चार्नली यांनी चूक लपवली नाही. त्या रुग्णांवर त्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केल्या.

१९६२ मध्ये एका विक्रेत्याने नवे प्लॅस्टिक आणले. चार्नली यांना ते आवडले नाही. तरीही त्यांचे सहकारी हॅरी क्रेव्हन यांनी ते यंत्रावर घासून पाहिले. तीन आठवड्यांत ते जेवढे झिजले, तेवढे टेफ्लॉन एका दिवसातच झिजत असे. मग चार्नली यांनी दोन्ही प्लॅस्टिके स्वतःच्या मांडीत घालून घेतली. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, नव्याच्या जागी आल्या नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून नवी वाटी वापरात आली. तरी इतर डॉक्टरांना ती देण्याची त्यांनी घाई केली नाही. आधी आपल्या रुग्णांची प्रकृती ते वर्षानुवर्षे तपासत राहिले.

१९७७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

कृत्रिम सांधा कधीतरी झिजतो, मग तो बदलावा लागतो. त्या वेळी रुग्णाचे स्वतःचे हाडच उपयोगी पडते. म्हणून आज तरुण रुग्णांसाठी कमी हाड कापावे लागेल असे आखूड दांड्याचे सांधेही बनवतात. हाड ही रुग्णाची पुंजी आहे. ती जपायची, तर आधी आपली चूक मान्य करावी लागते. चार्नली यांचे जीवन हेच शिकवते.