बर्फाच्या घरातली डार्करूम

आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत एक फोटो आहे. नऊवारीतल्या चार बायका, मागे वाड्याचा दरवाजा. त्यातली एक माझी पणजी, एवढे नक्की. बाकीच्या तिघी कोण, हे सांगू शकणारी आत्या गेली आणि तो फोटो कायमचा मुका झाला. पीटर पित्सिओलाक यांच्याविषयी वाचताना मला तो सारखा आठवत होता.

हे गृहस्थ इनुइट. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्य टोकाशी केप डॉर्सेट नावाची वस्ती आहे. २०२० पासून तिचे अधिकृत नाव किंगाइत. १९०२ साली जन्मलेले पित्सिओलाक याच मुलखात शिकारीवर जगले, फरच्या व्यापाऱ्यांकडेही राबले. शाळा तिथे नव्हतीच. मिशनऱ्यांनी रुजवलेली एक लिपी लोक एकमेकांकडून शिकत. पित्सिओलाक त्याच लिपीत रोजनिशी लिहीत. १९३९ मध्ये त्यांनी जलरंगात चित्रेही काढली, तीसुद्धा इनुइट चित्रकलेचा जगात गवगवा होण्याच्या कितीतरी आधी.

कॅमेरा हाती आला तो मजेशीर रीतीने. एका गोऱ्या माणसाला ध्रुवीय अस्वलाचा फोटो हवा होता, पण जवळ जायची छाती होईना. त्याने कॅमेरा यांच्या हातात दिला! पुढे १९४० नंतर एका कॅथलिक मिशनऱ्याकडून त्यांना स्वतःचा कॅमेरा मिळाला.

आता फिल्म धुवायची कुठे? पित्सिओलाक आणि त्यांच्या पत्नी अगिऑक यांनी ते काम बर्फाच्या घरात, कधी तंबूत केले. तीन सेलच्या बॅटरीवर लाल कापड गुंडाळले की झाली डार्करूम. कॅमेऱ्याचा फिल्टर जुन्या गॉगलच्या काचेचा. अगिऑकबाई नुसत्या मदतनीस नव्हत्या. त्या स्वतःही फोटो काढत. नवऱ्याचे कितीतरी फोटो त्यांच्याच हातचे.

शिकारीच्या छावण्या मोडून माणसे वस्तीत येऊ लागली होती. कातड्याच्या कपड्यांच्या जागी दुकानातले कपडे आले होते. हे सारे जाणार, हे पित्सिओलाकांनी ओळखले. मग घरच्याच माणसांना जुना पोशाख चढवून ते फोटो काढत. असा मांडून काढलेला फोटो इतिहास म्हणून चालेल का, असे कुणी विचारील. मला त्यात वावगे वाटत नाही. आमची पणजी तरी रोज कुठे पैठणी नेसत होती?

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी आपल्या माणसांची हकीकत लिहून काढली आणि डोरोथी एबर या लेखिकेला सांगितलीही. १९७३ मध्ये ते वारले. पुस्तक निघाले १९७५ मध्ये. दीड हजारांहून अधिक निगेटिव्ह अगिऑकबाईंकडून कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने घेतल्या.

हे संग्रहालय ऑटावाजवळ, म्हणजे किंगाइतपासून सुमारे २,००० किलोमीटरवर. आजीचा चेहरा बघायला नातवंडांनी एवढ्या दूर जायचे? मला हे खटकले होते. गावातल्या चित्रकारांच्या सहकारी संस्थेची हजारो रेखाटनेही अशीच दक्षिणेत टोरांटोजवळच्या कलासंग्रहालयात ठेवली आहेत. पण गावातल्या ज्या माध्यमिक शाळेला पित्सिओलाकांचे नाव दिले होते, ती २०१५ च्या सप्टेंबरात आगीत जळून गेली. ते वाचल्यापासून मी तक्रार करायची थांबलो आहे.