मोलोकाईचे संत डेमियन



त्वचेचा आजार शरीराला छळतो, पण लोकांच्या नजरा त्याहून अधिक छळतात. संत डेमियन यांच्या जीवनातून आपल्याला हेच दिसते.

३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो गावी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८६४ साली ते हवाई बेटांवर आले व तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८६६ पासून तेथील सरकार कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन ठेवत असे. तीन बाजूंना समुद्र आणि चौथीला उंच कडा. आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको तुटत असे.

१० मे १८७३ रोजी फादर डेमियन तेथे पोहोचले. जखमांच्या दुर्गंधीने त्यांचाही जीव कासावीस होई. तो वास जाणवू नये म्हणून ते पाइप ओढू लागले, पण मागे सरले नाहीत. त्यांनी जखमा धुतल्या, घरे बांधली, शवपेट्या तयार केल्या आणि रुग्णांच्याच भांड्यातले अन्न खाल्ले. स्वतः निरोगी असतानाच त्यांनाही बहिष्कार सोसावा लागला. एकदा त्यांना जहाजावर चढू दिले नाही. तेव्हा होडीतूनच, सर्वांदेखत, मोठ्याने त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे पापस्वीकार केला.

डिसेंबर १८८४ मध्ये गरम पाण्याने पाय भाजला, पण वेदना झाली नाही. त्यांनाही रोग जडला होता. हा रोग अनीतीमुळे होतो, असा तेव्हा अनेकांचा समज होता. १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर होनोलुलूच्या एका पाळकाने त्यांच्या चारित्र्यावर चिखल उडवला. १८९० साली लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी त्याला जाहीर पत्रातून खरमरीत उत्तर दिले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी फादर डेमियन यांना संत म्हणून घोषित केले.

आज औषधांनी कुष्ठरोग बरा होतो. सोरायसिस आणि कोड तर स्पर्शाने पसरतच नाहीत. तरीही मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करताना अशा हातापुढे आपला हात अडखळतो. आमचाही अडखळला आहे, हे आम्ही कबूल करतो. किळस वाटली म्हणून कुणी पापी ठरत नाही. ती डेमियन यांनाही वाटली होती. प्रश्न आहे तो त्यानंतर आपण काय करतो याचा. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालून शेवटच्या बाकावर बसणारे कुणी आपल्या चर्चमध्ये असेल, तर या रविवारी त्यांच्या शेजारी जाऊन बसू या.